मुक्त लेखकाने आपला आवाज कसा शोधावा

एका रविवारी माझा लेख एका पुरवणीत छापून आला, परंतु पानाच्या मांडणीत माझे नाव गळाले. चोपड्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला मी फोन करून तो लेख वाचायला सांगितले. त्या पानावर शेतीविषयक तीन लेख होते. तिने तिन्ही सावकाश वाचले आणि विचारले, "यामा तुना लेख कोनता शे?" तोपर्यंत नाव गळाल्याचे वाईट वाटत होते; या प्रश्नानंतर ते फारसे उरले नाही, कारण त्याहून मोठी अडचण समोर आली होती. माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून माझी तब्येत ओळखणाऱ्या बहिणीला माझ्या बाराशे शब्दांतून मी ओळखू येत नव्हतो.

हा लेख त्या प्रश्नानंतर मी जे करून पाहिले त्यावर आधारलेला आहे. मुक्त लेखकाच्या बाबतीत आवाजाचा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. नोकरीत असलेल्या पत्रकाराच्या पाठीशी त्याच्या वृत्तपत्राचे नाव असते आणि पुढच्या सोमवारी त्याला काम मिळणारच असते. मुक्त लेखकाला मात्र प्रत्येक काम नव्याने मिळवावे लागते, आणि संपादकाला पुढच्या वेळी त्याची आठवण होते ती बहुधा एखाद्या लेखाच्या ठेवणीवरून होते. आवाज या शब्दाभोवती उगाच गूढ निर्माण केले जाते. लेखक कशाकडे पाहतो, सांगायला कोठून सुरुवात करतो, काय गाळतो आणि वाक्य कोठे थांबवतो, या निवडी पुन्हापुन्हा एकाच वळणाने होऊ लागल्या की त्या वळणाला आवाज म्हणावे, इतका साधा अर्थ मी धरला आहे. तो अर्थ मान्य असेल तर आवाज शोधण्याचे काम बसून, वही-पेन घेऊन करता येते.

आधी स्वतःचे बोलणे ऐकावे

आपण लिहितो कसे हे पाहण्याआधी आपण सांगतो कसे हे पाहावे. त्यासाठी घडलेली एखादी खरी गोष्ट घरातल्या माणसाला सांगताना आपलेच रेकॉर्डिंग करावे. गोष्ट साधी असावी: बसस्थानकावर झालेला वाद, लग्नात संपलेला स्वयंपाक, विहिरीवरची मोटार जळाल्यानंतरचे दोन दिवस. ऐकणाऱ्याला आधी कल्पना द्यावी, म्हणजे पुढे संकोच राहत नाही. पहिली दोन मिनिटे कृत्रिम जातात, त्यानंतर आपण विसरतो. पाच-सहा मिनिटांचे बोलणे पुरते. मग ते जसेच्या तसे, अडखळण्यासकट, कागदावर उतरवावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते मोबाइलमधल्या टंकलेखनाच्या सोयीवर सोपवू नये, कारण ती सोय आमच्या घरच्या अहिराणी बोलीचे शब्द बदलून टाकते आणि जे पकडायचे तेच निसटते.

उतरवलेल्या मजकुरावर पेन्सिलने खुणा कराव्यात. पहिले वाक्य कशाबद्दल आहे? माणूस आधी आला, की जागा, की पैसा? उपमा कोठल्या आल्या? ऐकणाऱ्याने मध्येच काय विचारले, म्हणजेच आपले काय सांगायचे राहिले होते? कोणता तपशील आपण दोनदा सांगितला? माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मला दिसले की मी बहुतेक गोष्टी रकमेपासून सुरू करतो. "सातशे रुपये दिले आणि वरून शिव्या खाल्ल्या," अशी माझी सुरुवात होती, आणि कोणाला दिले, कशासाठी दिले हे नंतर आले. लेखात मात्र मी नेहमी 'खानदेश हा प्राचीन काळापासून' अशा ठिकाणाहून निघत असे. तोंडाने सांगताना मी कधीही प्राचीन काळापासून निघालो नव्हतो.

हे एकदा करून भागत नाही. महिन्याभरात चार-पाच वेगवेगळ्या प्रसंगांचे, वेगवेगळ्या माणसांना सांगितलेले बोलणे उतरवावे. जे सगळीकडे पुन्हा दिसते तेवढेच आपले समजावे. माझ्या बाबतीत रकमेची सुरुवात आणि लोकांच्या हातांकडे जाणारे लक्ष या दोन गोष्टी टिकल्या. मला विनोदी वाटणारी जी एक ढब होती ती केवळ मेहुण्याशी बोलतानाच दिसली, म्हणून ती मी सोडून दिली.

खानदेशात या विषयावर बोलताना बहिणाबाई चौधरींचे नाव निघतेच, आणि ते बहुधा अभिमानाने घेऊन लगेच सोडून दिले जाते. मुक्त लेखकाने त्या प्रसंगातल्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या जे म्हणत ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एका नातलगाने लिहून ठेवले, आणि १९५१ साली बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली ते पुस्तकरूपाने बाहेर आले. सोपानदेव स्वतः कवी होते. लिहून घेताना हात आपल्या वळणावर जाण्याचा मोह त्यांच्यासारख्याला किती होऊ शकतो, याचा अंदाज एकदा आपलेच रेकॉर्डिंग उतरवून पाहिल्यावर येतो. मी पहिल्या उताऱ्यात माझीच आठ-दहा वाक्ये नकळत 'सुधारली' होती.

बोलीचे काय करावे

आवाज शोधायचा म्हटले की आमच्याकडचा नवा लेखक पहिल्यांदा बोलीकडे वळतो, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. मीही केल्या आहेत, म्हणून या मुद्द्यावर थोडे अधिक थांबतो.

पहिली चूक म्हणजे 'खानदेशी बोली' नावाची एकच वस्तू आहे असे समजणे. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर या भागांत अहिराणी आहे. यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात लेवा गणबोली आहे. सातपुड्यात पावरी आणि भिली आहेत. तापीकाठच्या काही गावांत गुजरी आहे. ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीपासून वेगळा, भिली भाषांच्या शेजारी केलेला आहे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीबाहेरची स्वतंत्र नोंद असून तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. तेव्हा अहिराणीला मराठीचे 'ग्रामीण रूप' समजून मराठी वाक्यात 'शे' आणि 'माले' पेरले म्हणजे आवाज आला, ही समजूत टिकत नाही. रावेरच्या केळी उत्पादकाच्या तोंडी साक्रीची अहिराणी घातलेला लेख मी एकदा दिला होता. तो लेख तिकडच्या एका वाचकाने ओळीओळीवर खुणा करून मला परत पाठवला, आणि त्याच्या खुणा योग्य होत्या.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. लेखक निवेदनात प्रमाण मराठी लिहितो, आणि बोली फक्त गरीब, म्हातारी किंवा हास्यास्पद माणसे बोलतात. डॉक्टर, तहसीलदार, प्राध्यापक यांच्या तोंडी मात्र शुद्ध वाक्ये येतात. प्रत्यक्षात जळगावच्या दवाखान्यातला डॉक्टर रुग्णाशी अहिराणीत बोलतो आणि लगेच वळून परिचारिकेशी प्रमाण मराठीत बोलतो. हे वळणे टिपले तर लेखात माणूस उभा राहतो. बोलीला केवळ गमतीचे काम दिले तर वाचक हसतो खरा, परंतु ज्याची ती बोली आहे तो दुखावतो आणि त्याला लेखकाचा पवित्रा कळतो.

मग बोली कोठे ठेवावी? ज्या वस्तूला किंवा व्यवहाराला प्रमाण मराठीत तितका नेमका शब्द नाही, तेथे ती ठेवावी. 'सालदार' या शब्दात वर्षाचा करार, धान्य, उचल आणि मालकाशी असलेले नाते एवढे सगळे येते. 'वार्षिक शेतमजूर' लिहिले तर त्यातले निम्मे गळते. केळीच्या बाजारात 'नवती' आणि 'पिलबाग' यांचे भाव वेगळे लागतात. नवतीला 'पहिल्या लागवडीची केळी' आणि पिलबागेला 'तिच्या पिलांपासून वाढवलेली केळी' असे लिहिण्याने वाचकाला माहिती मिळते, पण तो बाजारात उभा राहत नाही. 'खापर' म्हटले की पुरणपोळी हातावर फिरवून उलट्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर टाकणारी बाई दिसते. असे शब्द अर्थ कंसात न देता वापरावेत. वाक्य असे रचावे की शेजारच्या शब्दांतून अर्थ उलगडेल. उदाहरणार्थ, "अखाजीला सालदाराचे वर्ष संपले आणि मालकाने उचल वजा करून हिशेब पुढे ठेवला" या वाक्यात सोलापूरच्या वाचकालाही अडचण येत नाही. एका लेखात असे चार-पाच शब्द पुष्कळ झाले. त्याहून अधिक झाले की वाचक लेख वाचण्याऐवजी शब्द गोळा करू लागतो.

एका संपादकांनी माझ्या लेखातला 'वावर' हा शब्द सगळीकडे बदलून 'शेत' केला होता. मी रागाने फोन केला. त्यांनी शांतपणे विचारले की या सात ठिकाणांपैकी कोणत्या ठिकाणी 'शेत' लिहिल्याने नुकसान झाले ते सांगा. मला दोनच ठिकाणे दाखवता आली, आणि दोन्ही ठिकाणी तो शब्द शेतकऱ्याच्या तोंडी होता. उरलेल्या पाच ठिकाणी 'वावर' केवळ मी कोठला आहे हे सांगण्यासाठी उभा होता. तेव्हापासून बोलीतला प्रत्येक शब्द मी हाच प्रश्न विचारून ठेवतो किंवा काढतो.

क्रियापदापाशी लक्ष द्यावे

मराठी वाक्य क्रियापदावर येऊन थांबते, आणि म्हणून लेखकाची ओळख विशेषणांपेक्षा क्रियापदांत अधिक लवकर पटते. आपले पाच जुने लेख काढावेत आणि प्रत्येक वाक्यातली क्रियापदे अधोरेखित करावीत. पुष्कळ ठिकाणी 'आहे', 'असून', 'करण्यात आले', 'संपन्न झाले', 'दिसून येते' असेच आढळले, तर तो आवाज बातमीच्या नमुन्याचा आहे, आपला नाही. 'करण्यात आले' या रचनेत कर्ता लपतो. शासकीय परिपत्रकाला कर्ता लपवायचा असतो, म्हणून ती तेथे सोयीची आहे. लेखकाला तो बहुधा दाखवायचा असतो. 'पंचनामे करण्यात आले' याऐवजी 'तलाठ्याने पंचनामे केले' असे लिहायला गेलो की कोणत्या तलाठ्याने, कधी आणि किती, हे विचारणे भाग पडते, आणि त्या चौकशीतून लेख सुधारतो. माझ्या अनुभवात आवाजाच्या बऱ्याचशा तक्रारी मुळात अपुऱ्या माहितीच्या तक्रारी असतात. ज्याला पुरेसे माहीत नसते तोच 'महत्त्वपूर्ण', 'मोलाचे', 'अनन्यसाधारण' असे शब्द वापरून जागा भरतो.

एक उदाहरण देतो. माझ्या जुन्या लेखातले वाक्य असे होते: "केळी हे जळगाव जिल्ह्यातील प्रमुख नगदी पीक असून शेतकऱ्यांच्या आर्थिक उन्नतीत त्याचे मोलाचे योगदान आहे." यात खोटे काहीच नाही, आणि नेमका तोच त्यातला दोष आहे, हे वाक्य कोणीही, कोठेही बसून लिहू शकतो. तोच विषय मी बहिणीला सांगताना जे बोललो होतो त्यावरून नंतर असे लिहिले: "रावेरच्या भावफलकावर एक आकडा असतो आणि बांधावर येऊन उभा राहिलेला व्यापारी दुसराच आकडा सांगतो, घड तयार झालेले असतात, ते फार दिवस थांबणार नसतात, आणि शेतकऱ्याचे वर्ष त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर ठरते." दुसरे वाक्य लांब आहे, त्यात एकही अलंकार नाही, पण ते रकमेपासून निघते. ती माझी सवय आहे. दुसरा लेखक कदाचित घडांपासून निघेल, तिसरा व्यापाऱ्याच्या मोटारसायकलपासून. कोणते बरोबर, असा प्रश्न येथे नाही. आपण सहज कोठून निघतो हे आपल्याला ठाऊक असावे, एवढेच.

'केले' की 'केलं', हा निर्णय मराठी लेखकाने जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार लेखनाची भाषा 'असे केले' अशी असते आणि पात्रांच्या तोंडी 'असं केलं' चालते. आज अनेक लेखक निवेदनातही 'केलं' लिहितात आणि त्यात गैर मानले जात नाही. 'केलं'मुळे लेखक वाचकाच्या शेजारी येऊन बसतो. 'केले'मुळे तो थोडा अंतरावर उभा राहतो. मी 'केले' निवडले, कारण घरातले बोलणे मुळात 'केलं' असे नसून अहिराणीच्या वेगळ्याच रूपांचे असणाऱ्या माणसाला 'केलं'मधली जवळीक ही पुण्याच्या दिवाणखान्यातली जवळीक वाटते. हे माझे मत आहे आणि माझ्या काही मित्रांना ते हटवादी वाटते. कोणताही पर्याय घ्यावा, परंतु एकाच लेखात दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. 'तुम्ही', 'आपण' आणि 'वाचक' या संबोधनांचेही तसेच आहे. बँकेच्या माहितीपत्रकातला 'आपण' ललित लेखात आला की लेखक अर्ज करतो आहे असे वाटू लागते.

अनुवादाची कामे करणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. मुक्त लेखकाचे घर बऱ्याचदा अनुवादावर चालते, त्यामुळे ती कामे सोडा असे सांगण्यात अर्थ नाही. पण आठवडाभर इंग्रजी माहितीपत्रके मराठीत आणल्यानंतर 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की' अशी वाक्ये आपल्या लेखातही आपोआप उमटतात. आमच्या भागात मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर शेजारी असल्याने हिंदीचीही भर पडते: 'तो म्हणाला'च्या जागी 'तो बोलला', 'मला मदत कर'च्या जागी 'माझी मदत कर'. बोलण्यात हे होणारच आणि त्याचा बाऊ करू नये. लिहिताना मात्र आपण ते निवडले आहे की ते नुसते घुसले आहे, हे तपासावे. मी अनुवादाचे काम संपल्यावर त्याच दिवशी स्वतःचा लेख सुरू करत नाही. मध्ये एक दिवस जाऊ देतो आणि त्या दिवशी जुने मराठी गद्य मोठ्याने वाचतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळामुळे आमच्या भागात जुन्या कागदपत्रांविषयी थोडी तरी ओढ आहे. अठराव्या शतकातल्या पत्रांमधली वाक्ये कान साफ करतात. त्यांत विशेषणे थोडी आणि हालचाल पुष्कळ असते. कोणाचे अनुकरण करावे की करू नये यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. आवडत्या लेखकाचे एखादे पान हाताने उतरवून काढावे, त्याच्या पद्धतीने एक पान लिहून पाहावे आणि ते पान कोणालाही न दाखवता ठेवून द्यावे.

दुसऱ्यांसाठी लिहिताना

आता व्यवसायाचा खरा पेच. मुक्त लेखकाचे निम्म्याहून अधिक काम इतरांच्या आवाजात असते. ठिबक संचाची पुस्तिका, डाळ मिलच्या वर्धापनदिनाची स्मरणिका, सहकारी संस्थेच्या अध्यक्षांचे भाषण, एखाद्या सराफाची जाहिरात: यांपैकी कोठेही लेखकाचा आवाज कोणी मागितलेला नसतो. नव्या लेखकाला वाटते की अशा कामांनी आपला आवाज बिघडेल, आणि म्हणून तो एकतर ती कामे नाकारतो किंवा भाषणातही आपली शैली घुसवतो. दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत.

मी प्रत्येक ग्राहकासाठी एका पानाची टाचणवही ठेवतो. त्या संस्थेत ग्राहकाला 'आपण' म्हणतात की 'शेतकरी बंधूंनो' म्हणतात, आकडे कसे लिहितात, कोणते शब्द त्यांना नकोसे आहेत, अध्यक्ष बोलताना कोठे श्वास घेतात, हे सगळे त्यात असते. भाषण लिहायचे असेल तर संबंधित व्यक्तीशी किमान अर्धा तास बोलण्याचा आग्रह धरावा, आणि त्या अर्ध्या तासात भाषणाविषयी कमी व त्यांच्या गावाविषयी अधिक विचारावे. लोक गावाविषयी बोलताना खरे बोलतात. दुसऱ्याचा आवाज असा काळजीपूर्वक टिपण्याच्या सवयीमुळे आपला आवाज कोठे संपतो तेही कळते. माझ्या अनुभवात भाषणे लिहिल्याने माझे लेखन बिघडले नाही, उलट सावध झाले. काहीही न ऐकता, ठरावीक साच्यात रोज पाच मजकूर पाडण्याच्या कामाने मात्र ते बिघडले होते. शब्दामागे पैशांत मोजल्या जाणाऱ्या त्या कामात मी आठ महिने होतो, आणि त्यातून बाहेर पडल्यावर साधे पत्र लिहितानाही माझ्या हातून 'चला तर मग जाणून घेऊया' असे वाक्य उतरले.

दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला मजकूर आपला नमुना म्हणून दाखवता येत नाही, ही व्यावहारिक अडचण आहे. त्यामुळे महिन्यातून एक तरी लेख आपल्या नावाने, आपण निवडलेल्या विषयावर लिहावा, मग त्याचे मानधन कमी का असेना. विषयही भटकू देऊ नयेत. दोन-तीन वर्षे एकच पट्टा धरावा: भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्याने रेल्वेची माणसे धरावीत, शहाद्याकडच्याने सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे व्यवहार धरावेत, जळगावच्याने डाळ आणि सोने धरावे. ज्या विषयाची भाषा आपल्याला विचारावी लागत नाही, त्यात आवाज लवकर बसतो.

लेखनाच्या हक्कांविषयी थोडक्यात सांगतो, कारण आवाजाशी त्याचा संबंध आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला लेखक हा सामान्यतः आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत समजला जातो. हक्क दिल्यानंतरही, आपल्या लेखनाची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाधा आणली गेल्यास हरकत घेण्याचा अधिकार त्या कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखकाकडे राहतो. 'वावर'चे 'शेत' केले म्हणून कोणी या कलमाकडे धावू नये. परंतु आपल्या नावाखाली आपण न लिहिलेले मत छापले गेले तर आपल्याजवळ काय आहे ते माहीत असावे.

वाचून दाखवणे आणि छापून आलेले तपासणे

लेख पाठवण्याआधी तो कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. स्वतःशी वाचण्याने अर्धेच काम होते, कारण आपले कान आपल्याला सूट देतात. ऐकणारा साहित्यातला नसावा. माझ्यासाठी हे काम बहीणच करते, आणि तिला मत विचारण्याची चूक मी करत नाही; तिचे लक्ष कोठे गेले तेवढे मी पाहतो. ती भाजी निवडत ऐकते. जेथे तिचा हात थांबतो तेथे लेख चालला आहे, आणि जेथे ती 'हं' म्हणू लागते तेथे मी काही तरी सजवले आहे. 'म्हनजे काय?' असे तिने विचारले की मी उत्तर देतो आणि बहुतेक वेळा ते उत्तरच मूळ वाक्याच्या जागी लिहितो.

लेख छापून आल्यावर मूळ मजकूर आणि छापील मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. संपादकाने काढलेले, बदललेले, वाढवलेले सगळे तीन रंगांत खूण करावे. हे काम अहंकाराला जड जाते, पण एका वर्षाच्या अशा खुणा एकत्र पाहिल्या की वेगवेगळ्या ठिकाणच्या संपादकांनी आपल्या एकाच दोषाला हात घातलेला दिसतो. माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद कापला जात होता. तीन वेगवेगळ्या संपादकांनी एकमेकांना न विचारता तो कापला होता, कारण मी दरवेळी सांगून झालेलेच पुन्हा सांगत होतो. उलट काही ठिकाणी आपल्या वाक्याला कोणीच हात लावलेला नसतो, घाईच्या पानावरही नाही. ती वाक्ये एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवावीत. पन्नास-साठ जमली की त्यांत काय सारखे आहे ते पाहावे. आपला आवाज कसा आहे याचा याहून विश्वासार्ह पुरावा मला अद्याप मिळालेला नाही.

मी हा हिशेब अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अखाजीला करतो. बहीण झोक्याच्या निमित्ताने माहेरी आलेली असते, दुपारी घरात आमरस आणि पुरणपोळीनंतरची शांतता असते, आणि सालदारांप्रमाणे माझेही वर्ष तेव्हाच संपते. वर्षभरातल्या लेखांतून जो शब्द सर्वाधिक वेळा उगाच आला असेल तो पुढच्या वर्षासाठी बंद करायचा, असा आमच्यात करार आहे, आणि तो शब्द तीच निवडते. गेल्या वर्षी तिने 'अक्षरशः' काढला. यंदा तिने माझे चौदा लेख नाव झाकून इतर कात्रणांत मिसळले आणि त्यांतले अकरा बरोबर वेगळे काढून दिले. उरलेले तीन मी घाईत लिहिले होते, ते पुन्हा लिहायला घेतले आहेत.